फोटोमागचं होनगाव

उत्तरेश्वर गुरुजी दुकानात आले तेव्हा हायवेवर दुपारचं ऊन नुसतं पसरलं होतं आणि शिवांजली एका बारशाच्या पत्रिकेवर पाळणा बसवत होती. जळकोटला पंक्चरच्या दुकानाशेजारी तिचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहाव्याच्या पत्रिका, सगळं तिच्याच हातून जायचं. गुरुजी बाकावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि देवाचा टाक काढावा तसा रुमालात बांधलेला पेन ड्राइव्ह खिशातून काढला.

"पोरी, पुस्तक तयार आहे. पण कुठंच जाईना झालंय."

"जाईना म्हणजे?"

"व्हॉट्सॲपवर जाईना, ईमेलवर जाईना. सोलापूरच्या छापखान्यानं परत पाठवलं. म्हणाले, गुरुजी, फाईल लई जड आहे, उघडायला घेतली की आमचं मशीनच बंद पडतंय."

पुस्तक कसलं ते शिवांजलीला ठाऊक होतं. गुरुजी होनगावचे. भूकंपात लोहाऱ्याकडची जी गावं रात्रीत मातीला मिळाली त्यांतलं ते एक. वाचलेल्या लोकांना सरकारनं ओढ्यापलीकडं नवं होनगाव बांधून दिलं, सरळ रेषेतल्या गल्ल्यांचं. जुन्या जागेवर आता वेड्या बाभळी आहेत. तीस वर्षं झाली म्हणून गेलेल्या माणसांच्या आठवणीचं पुस्तक काढायचं गावानं ठरवलं होतं. प्रत्येक पानावर एक माणूस, त्याचा फोटो, खाली चार ओळी.

"फोटो मिळाले सगळ्यांचे?" तिनं विचारलं. "त्या काळात कुणाकडं फोटो असायचे?"

"तीच तर गंमत," गुरुजी म्हणाले, पण चेहऱ्यावर गंमत नव्हती. "त्या साली पोळ्याला नळदुर्गचा एक फोटोवाला गावात आला होता. दिवसभर घराघरात हिंडला. गणपती झाले की फोटो आणून देतो म्हणाला. गणपती बुडवून लोक झोपले आणि त्याच पहाटे गाव गेलं. त्याला पुन्हा त्या वाटेनं पाऊल टाकवलं नाही. धुतलेल्या निगेटिव्हा डब्यात घालून माळ्यावर टाकल्या. तो वारला, तेव्हा पोराला डबा सापडला. मागच्या साली आणून दिला बिचाऱ्यानं. माझा पुतण्या श्रीनाथ पुण्याला असतो, त्यानं त्या निगेटिव्हांवरून फोटो तयार केले. मागचं सगळं काढून टाकलं, नुसती माणसं ठेवली. लई देखणं केलंय."

शिवांजलीनं फाईल उघडली. खरंच देखणं होतं. फिकट निळं आभाळ, त्यात कापूस पिंजल्यासारखे ढग, आणि त्या ढगांवर तरंगणारी माणसं. फेट्यातले म्हातारे, नाकात नथ घातलेल्या बाया, मिसरूड फुटलेली पोरं. प्रत्येकाच्या कडेनं मऊ सावली सोडलेली. घर नाही, भिंत नाही, पायाखाली जमीन नाही.

एका पानावर गुरुजींनी बोट ठेवलं. "ही आमची दैवशाला." हिरव्या लुगड्यातली तरुण बाई, गुरुजींची बायको. तिचा एक हात थोडा खाली, बाजूला गेलेला, जणू कशावर तरी टेकवलेला; पण तिथं नुसतं आभाळ होतं.

"दोन दिवसांत करून ठेवते, गुरुजी," शिवांजली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गिऱ्हाइकं वाटेला लावून ती कामाला बसली. आधी नेहमीचे उपाय केले. पीडीएफ लहान करायचा पर्याय निवडला. फाईल जेवढीच्या तेवढी. फोटोंची बारकाई कमी केली, किंचित उतरली. मग तिच्या ध्यानात आलं. साधा फोटो पीडीएफ आवळून बांधून ठेवतं, पण मागचं काढून पारदर्शक केलेला फोटो तसा आवळता येत नाही. त्याचा एकेक ठिपका जसाच्या तसा ठेवावा लागतो, आणि वर कुठला ठिपका दाखवायचा, कुठला झाकायचा, याचा एक वेगळा पडदा. इतक्या माणसांचे इतके पडदे, त्यात त्या सावल्या. उपाय सोपा होता. पारदर्शकपणा काढायचा, फोटो निळ्या पानावर कायमचा चिकटवायचा आणि साधा करायचा.

तिनं पहिल्या पानावरचा म्हातारा बाहेर काढला आणि साधा फोटो म्हणून साठवला. मागं आता पांढरं यायला हवं, फार तर काळं. असं तिनं शेकडो वेळा केलं होतं.

मागं भिंत आली.

पांढऱ्या मातीची, पोतेऱ्यानं सारवलेली भिंत. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात चिमणी. म्हाताऱ्याच्या पायाशी ओसरीचा दगड, दगडावर उताणी पडलेली एक वहाण. शिवांजली खुर्चीत मागं सरकली. मग तिला कळलं काय झालं ते. श्रीनाथनं ज्या ॲपवर काम केलं होतं त्यानं मागचं काही पुसलंच नव्हतं, नुसतं झाकलं होतं. पडदा काढला की खालचं सगळं जागच्या जागी. म्हणून तर फाईल एवढी जड. काही दिसत नव्हतं तिथंच सगळं वजन होतं.

तिनं दुसरं पान घेतलं. शिंगं रंगवलेला बैल, पाठीवर झूल, मागं कडब्याची गंज. तिसऱ्यात पार आणि पारावरचा मारुती. चौथ्यात पिठाची गिरणी. एकेक पडदा काढत गेली तसं जुनं होनगाव तिच्यासमोर उभं राहत गेलं. जे बघायला आता पृथ्वीवर जागा नव्हती ते तिच्या टेबलावर होतं. तिला आनंद झाला. गुरुजींना दाखवू, म्हणून ती एकेक फोटो ओळीनं लावू लागली.

ओळ लावताना तिला ती पोरगी दिसली.

बैलाच्या फोटोत गंजीच्या आडून अर्धी. सातआठ वर्षांची असेल. अंगात मळका पिवळा झगा, केस तेल न लागलेले. असेल त्या घरातली, असं शिवांजलीला वाटलं. पण गिरणीच्या फोटोतही तीच होती, दाराच्या चौकटीला पाठ लावून. पारावर तीच. आणि पहिल्या फोटोत, जिथं कोणी नाही असं वाटलं होतं, तिथं ओसरीच्या खांबामागून आलेली चार बोटं आणि पिवळ्या कापडाची एक कड.

शिवांजलीनं भराभर उरलेले पडदे काढले. कुठं अख्खी, कुठं अर्धी, कुठं नुसता डोळा आणि केसांची बट. घरं वेगळी, माणसं वेगळी, पोरगी तीच. फोटोतली माणसं कुणी बैलाकडं बघत होती, कुणी अवघडून भलतीकडंच. ती मात्र दरवेळी थेट कॅमेऱ्यात बघत होती. म्हणजे आता थेट शिवांजलीकडं.

वीज गेली. इन्व्हर्टर चीं करून बोलला आणि स्क्रीन तसाच उजळ राहिला, बाकी दुकान अंधारलं. बाहेरून ट्रक गेला, शटर थरथरलं. त्या थरथरीबरोबर तिला वाटलं, स्क्रीनवरच्या भिंतीही हलल्या. ती उठून उन्हात जाऊन उभी राहिली. पंक्चरवाल्याला उगाच म्हणाली, "लई उकडतंय, नव्हं?"

परत येऊन तिनं पुस्तकाची सगळी पानं तपासली. एकूण एक नाव वाचलं, एकूण एक चेहरा बघितला. ती पोरगी कुठंच नव्हती. सगळ्या फोटोंत होती आणि पुस्तकात नव्हती.

तिनं श्रीनाथला पुण्याला फोन लावला.

"मुलगी?" तो म्हणाला. "नाही हो ताई, मी नाही बघितली. मी चेहरा मोठा करायचो आणि कडेकडेनं कापत जायचो. मागं काय आहे ते कोण बघतंय? तुम्ही मागचं भरून टाका ना निळ्या रंगानं. फाईल हलकी होईल."

बरोबरच होतं त्याचं. तिनं गिरणीवाला फोटो घेतला, माणूस सोडून बाकी सगळ्यावर निळा रंग ओतला. गिरणी गेली, चौकट गेली, पोरगी गेली. साठवून बघितलं तर फोटोचं वजन कुठल्या कुठं उतरलं होतं. काम झालं होतं. मग तिनं बैलाचा फोटो घेतला, निळा रंग उचलला, आणि तिचा हात माऊसवर नुसता बसून राहिला. पोरीची हनुवटी कडब्यावर टेकलेली होती. ओठ थोडे उघडे होते, काहीतरी विचारताना असतात तसे.

शिवांजलीनं गिरणीवाला फोटोही पूर्ववत केला, सगळ्यांचे प्रिंट काढले आणि गुरुजींना बोलावलं.

गुरुजी आले ते हरणाबाईंना घेऊन. हरणाबाई त्यांची वहिनी, थोरल्या भावाची मालकीण, ऐंशीच्या पुढची, पण नजर अजून शाबूत. शिवांजलीनं टेबलावर प्रिंट मांडले तेव्हा दोघं एकेका फोटोवर वाकले. मग हरणाबाई एका फोटोवर हात फिरवत म्हणाल्या, "ह्यो आपला वाडगा. भाऊजी, बघा की, ही आपली शेरडं. व्हय, हीच."

गुरुजी दैवशालाच्या फोटोपाशी थांबले होते. ढगांवर तरंगत होती ती बाई आता आपल्या स्वतःच्या दारात उभी होती. मागं दाराला तोरण, बाजूला तुळस. आणि तिचा तो खाली गेलेला हात, जो आभाळात कशावर तरी टेकल्यासारखा वाटायचा, तो पिवळ्या झग्यातल्या पोरीच्या डोक्यावर होता.

"ही कोण?" शिवांजलीनं हळूच विचारलं. "गुरुजी, ही सगळ्या फोटोंत आहे."

हरणाबाईंनी प्रिंट डोळ्यांजवळ नेला.

"अगं बया. ही त्या कानडी गड्याची पोर न्हाय का? शरणप्पाची. आळंदकडून आला होता, पाटलाच्या मळ्यात सालानं ऱ्हायचा. पाचटाच्या कोपीत ऱ्हायची ती माणसं, मळ्यातच. म्हणून तर आई-बाप वाचले. नागू ह्या पोरीचं नाव. दिसभर गावात हुंदडायची, कुणाच्याबी घरात शिरायची. फोटोवाला आला तवा त्याचं शेपूटच झाली होती. हाकललं तरी जाईना."

"मग पुस्तकात नाव कसं नाही?"

"कोण घालणार? यादी केली ती घरपट्टीवरनं, रेशनकार्डावरनं. ह्यांचं ना घर, ना कार्ड. ही पोर तेवढी विसर्जन बघाया म्हणून गावात आली होती त्या राती. कुठं निजली कुणाला ठावं. शरणप्पा चार दिस ढिगाऱ्यात हिंडला. काय घावलं न्हाय. मग गेली ती माणसं निघून."

गुरुजी उभे होते ते बाकावर बसले. त्यांचा आवाज आला तेव्हा तो त्यांचा वाटला नाही.

"मी तेव्हा भूमला होतो, शाळेवर. येईस्तोवर दुसरा दिवस उजाडला. पोरांनी बाहेर काढलेली माणसं सगळी एकाच सरणावर... तुला माहीतच आहे, त्या वेळी वेगळं वेगळं करायला सवड नव्हती. एक शिपाई माझ्याजवळ आला. परगावचा होता. म्हणाला, गुरुजी, तुमची मंडळी आणि मुलगी एकाच वाकळंत होत्या. बाईचा हात पोरीच्या अंगावर होता. सोडवला नाही आम्ही, तसंच नेलं."

पंक्चरच्या दुकानात हवेचा पंप सुरू झाला, बंद झाला.

"आम्हाला लेकरू नव्हतं," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, त्या गोंधळात त्यानं दुसऱ्या कुणाचं मला सांगितलं. मी म्हणालोसुद्धा त्याला, मला मुलगी नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं, ह्याचं डोकं फिरलंय. पाठीवर हात ठेवून गेला पुढं. पण पोरी, ते वाक्य काही जाईना. तीस वर्षं झाली. मधूनच कानात येतं, तुमची मुलगी. घरात भांडं पडलं तरी वाटतं, कोण आहे आत?"

हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "तिची आई हाय. शांताक्का. म्या तिला अणदूरला खंडोबाच्या जत्रेत बघितली होती, शेंगा विकताना. नवरा न्हाय उरला, ल्योक हाय. तिथंच ऱ्हाते म्हणाली."

अणदूर लांब नव्हतं. गुरुजी स्वतः गेले आणि तिला घेऊन आले. वाटेत त्यांनी तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, हे त्यांनी पुढं कधी काढलं नाही. शांताक्का दुकानाच्या पायरीशी चपला काढून आत आली. काटक, काळी, कपाळावर विभूतीचे पट्टे. खुर्ची दिली तरी खाली फरशीवरच बसली. शिवांजलीनं दैवशालाचा फोटो तिच्या हातात दिला.

शांताक्कानं तो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडं वळवला. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"बाई," शांताक्का शेवटी म्हणाली, "मला कळंना."

"काय कळंना, अक्का?" गुरुजींनी विचारलं.

"हीच का काय ते. फोटू कधी काढलाच न्हाय तिचा. पयल्यांदा रोज दिसायची डोळं मिटलं की. मग नाक दिसायचं, तोंड न्हाय. मग नुसता आवाज. आता बारा म्हैन्यात आवाजबी न्हाय आला." तिनं पोरीच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला. "आईला लेकराचं तोंड आठवंना, गुरुजी. कुणाला सांगावं हे?"

शिवांजलीनं मग तसंच, काहीतरी करायचं म्हणून, बाकीचे प्रिंट तिच्यापुढं एकेक ठेवले. गंजीआडची. खांबामागची. पारावरची. गिरणीच्या दारातली. शांताक्का बघत राहिली. पाटलाच्या माडीच्या फोटोत घरची सगळी मोठी माणसं ओळीनं बसली होती आणि त्यांच्या पुढ्यात, अगदी मधोमध, ती पिवळा झगा पसरून फतकल मारून बसली होती. कुणीतरी तिला हाकलायला हात उगारलेला होता. ती हसत होती.

शांताक्काच्या घशातून एक आवाज आला. हसू की रडू, ते ओळखता आलं नाही.

"हीच," ती म्हणाली. "हीच ती. बोलावल्याबिगार शिरायची, आन् मधीच जाऊन बसायची. लई मारायची म्या तिला ह्याच्यापायी."

मग गुरुजी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि त्यांनी तिला वाकळेचं सांगितलं. ती ऐकत राहिली. त्यांचं बोलणं झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे थंडी न्हाय वाजली तिला?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "नाही वाजली."

शिवांजलीनं विचारलं, पुस्तकात नागूचं पान करू या का; तिला एकटीला कापून, ढगांवर ठेवून, बाकीच्यांसारखं. शांताक्कानं स्क्रीनवरचं ते निळं आभाळ बघितलं आणि मान हलवली.

"कापू नगं बाई तिला. जिथं हुबी हाय तिथंच ऱ्हाऊ दे. आन् ह्या बाकीच्यांनाबी कशाला उचललंय? त्यांच्या दारात ठेव की."

तसंच ठरलं. शिवांजलीनं सगळे ढग, सगळ्या सावल्या काढून टाकल्या आणि निगेटिव्हवर होते तसे अख्खे फोटो पानांवर बसवले. झाकायचं काही उरलं नाही तेव्हा पडद्यांचंही काम उरलं नाही. साधे फोटो साध्या फोटोंसारखे आवळले गेले आणि छापखान्याचं मशीन कुरकुर न करता पुस्तक गिळून मोकळं झालं. दैवशालाच्या पानावर खाली दोन नावं आली. गुरुजींनीच लिहून दिली.

ते दिवस मात्र शिवांजलीला जड गेले. घरी भाकरी थापताना मागं कुणीतरी चौकटीला टेकून उभं आहे असं वाटायचं. वळून बघितलं की कोरी भिंत. आधी ती कोऱ्या भिंतीकडं बघून निर्धास्त व्हायची, आता तेवढ्यानं भागत नव्हतं. नवऱ्याला, बालाजीला, सांगितलं तर तो म्हणाला, एखादा नारळ फोड. तिनं फोडलाही. भीती गेली, पण वळून बघायची सवय गेली नाही. आणि तिला ती जावी असंही वाटेनासं झालं.

स्मृतिदिनाच्या सकाळी ती नव्या होनगावात गेली. स्मृतिस्तंभापुढं मांडव घातला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या. पुस्तकं वाटली गेली. मग इकडून तिकडून आवाज उठू लागले. "ह्यो आमचा उंबरा!" "हे बघ, हा पिंपळ, ह्याच्याखाली आपण..." ज्यांनी गाव पाहिलंच नव्हतं ती तरुण पोरं म्हाताऱ्यांच्या खांद्यावरून वाकून विचारत होती, आणि म्हातारे पानांवर बोट ठेवून गल्ल्यांमधून चालत होते. अधूनमधून कुणीतरी थबकून विचारायचं, "आन् ही गं कोण पिवळी? इथंबी हाय की." नाव तोंडातोंडी पुढं सरकत गेलं. नागू. शरणप्पाची नागू.

शांताक्का बायकांच्या बाजूला पुढं बसली होती, मांडीवर पुस्तक उघडं. ती पानं उलटत होती आणि प्रत्येक पानाला तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "बा कूस, बा." ये बाळ, ये. तिच्यापासून हातभर अंतरावर गुरुजी बसले होते. पुरुषांची बाजू सोडून ते इथं का बसले, हे कुणी विचारलं नाही. दोघांच्या मध्ये सतरंजीवर थोडी जागा मोकळी होती.

उशिरा आलेली एक बाई दाटीतून वाट काढत पुढं आली. ती मोकळी जागा बघून, साडी सावरून बसायला वाकली.

हरणाबाईंनी मागून तिचं मनगट धरलं.

"तिथं नगं, बाई," त्या म्हणाल्या. "हिकडं ये, माझ्यापशी."

बाईनं त्या जागेकडं एकदा बघितलं आणि कडेनं वळसा घालून हरणाबाईंजवळ जाऊन बसली.